मेंदूला बसलेला मुका मार : एका आइस हॉकीपटूची कारकीर्द काय शिकवते?

"सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग हिचे डोके अजून का दुखते?" डोक्याला मार लागलेल्या मुलामुलींचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मग खेळायला कधी पाठवू?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर मात्र फक्त डॉक्टरच्या हातात नसते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आज अमांडा केसेल या अमेरिकन आइस हॉकीपटूची कारकीर्द पाहू.

कोण ही अमांडा केसेल?

आइस हॉकी म्हणजे बर्फावर स्केट्स घालून खेळायची हॉकी. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते आणि रिंकणाच्या कडेने भक्कम भिंती असतात. केसेलचा जन्म १९९१ मधला, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनचा. २०१२-१३ च्या हंगामात मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळताना तिने ४६ गोल केले आणि ५५ गोलांना साहाय्य केले. त्या हंगामात तिचा संघ ४१ सामन्यांत एकदाही हरला नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम महाविद्यालयीन महिला खेळाडूचा पुरस्कार तिलाच मिळाला.

२०१४ मध्ये सोची ऑलिंपिकमध्ये तिला रौप्यपदक मिळाले. पण त्याच सुमारास डोक्याला बसलेल्या माराने तिची कारकीर्द थांबवली. २०१४-१५ चा पूर्ण हंगाम गेला. २०१५ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले की तिची तिथली कारकीर्द संपली आहे. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि हातपाय ठणठणीत होते. तरीही ती खेळू शकत नव्हती.

मेंदूला हादरा बसतो म्हणजे काय होते?

याला वैद्यकीय भाषेत कन्कशन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हा मेंदूला बसलेला मुका मार. डब्यात खरवसाची वडी ठेवून डबा जोरात हलवला, तर डब्याला पोचा येत नाही, पण वडी आत हिंदकळते. कवटी आणि मेंदूचे तसेच आहे. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते. आतला मेंदू हिंदकळणे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

या हिसक्याने पेशींच्या कामाची घडी काही काळ विस्कटते. पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा अपुरा पडतो. म्हणून डोके दुखते, चक्कर येते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, लक्ष लागत नाही, चिडचिड होते, झोप बिघडते. बेशुद्ध पडल्याशिवाय कन्कशन होत नाही हा गैरसमज आहे. बहुतेक रुग्ण शुद्धीवरच असतात.

आणि सीटी स्कॅन? भिंतीला तडा गेला आहे का, हे फोटोत दिसते. आतल्या वायरिंगमध्ये बिघाड आहे का, ते दिसत नाही. सीटी रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो. तो नॉर्मल आला ही चांगलीच बातमी आहे, पण मेंदू पूर्ववत झाल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे.

"बायकांच्या खेळात धक्काबुक्की नसते"

१९९० मध्ये ओटावा येथे झालेल्या पहिल्या महिला विश्वविजेतेपद स्पर्धेत अंगावर धडक मारायला परवानगी होती. नंतर आंतरराष्ट्रीय महिला हॉकीत त्यावर बंदी आली. तरीही महिला खेळाडूंमध्ये कन्कशनचे प्रमाण कमी नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या पाहणीत ते पुरुष हॉकीपटूंच्या तोडीचे किंवा त्याहून जास्त आढळले आहे.

याचे एकच कारण सांगता येत नाही. मानेच्या स्नायूंची ताकद, संप्रेरके आणि त्रास होतो हे कबूल करण्याची तयारी, अशी अनेक कारणे अभ्यासली जात आहेत. शिवाय बर्फावर घसरून पडायला किंवा भिंतीवर आदळायला कुणाचा धक्का लागतोच असे नाही.

ती परत कशी आली?

पूर्वी कन्कशन झाले की अंधाऱ्या खोलीत पडून राहा, असाच सल्ला दिला जाई. आज तो बदलला आहे. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यायची, म्हणजे घरातली हलकी कामे चालतील, मोबाइल आणि टीव्ही कमी. त्यानंतर त्रास फारसा वाढणार नाही इतपत चालणे किंवा सायकल. मग पायरीपायरीने सराव वाढवायचा, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा, आणि धडकेचा धोका असलेला सराव डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सुरू करायचा. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत बरे वाटते. ज्यांचा त्रास त्यापुढेही राहतो त्यांच्यासाठी मान, तोल, दृष्टी आणि मन यांचे वेगवेगळे उपचार आहेत.

केसेलने पिट्सबर्गमधल्या या विषयातील तज्ज्ञांकडे उपचार घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये, दोन वर्षांनी, ती रिंकणात परतली. त्याच हंगामात मिनेसोटाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये कॅनडाविरुद्धचा अंतिम सामना शूटआउटपर्यंत गेला, तेव्हा अमेरिकेसाठी गोल करणाऱ्यांत ती होती. अमेरिकेच्या महिलांना वीस वर्षांनी सुवर्णपदक मिळाले. २०२२ मध्ये बीजिंगला तिने आणखी एक रौप्य मिळवले.

आता माझे मत

ही कथा "जिद्दीपुढे दुखापत हरली" अशी सांगणे सोपे आहे. मला ते पटत नाही. कन्कशनमध्ये जिद्द अनेकदा घातकच ठरते. केसेलच्या कथेत मला महत्त्वाची वाटते ती तिला मिळालेली दोन वर्षे. ती विद्यार्थिनी होती. न खेळल्याने नोकरी जाईल अशी स्थिती नव्हती.

आता व्यावसायिक खेळाडूचा विचार करा. उत्तर अमेरिकेत महिलांना पगार देणारी पहिली लीग २०१५ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये केसेलने न्यूयॉर्कच्या संघाशी केलेला २६,००० डॉलरचा वार्षिक करार हा त्या लीगमधला सर्वांत मोठा करार होता. काही महिन्यांतच लीगने सगळ्यांच्या पगारात मोठी कपात केली. अनेक खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करत. अशा मुलीला डॉक्टरने सांगितले, "महिनाभर खेळू नकोस, स्क्रीनसमोर जास्त बसू नकोस," तर तिची दोन्ही उत्पन्ने अडचणीत येतात. मग "आता डोके दुखत नाही," असे ती सांगेल, यात नवल ते काय! आणि कन्कशनचे निदान मुख्यतः रुग्ण काय सांगते यावर चालते. रुग्णाला खरे बोलणे परवडत नसेल, तर माझी तपासणी कितीही नीट असली तरी अपुरीच पडणार.

म्हणून खेळाडूचा करार आणि विमा हा मला वैद्यकीय विषय वाटतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या महिला संघाने विश्वविजेतेपद स्पर्धेवर बहिष्कार टाकण्याचा इशारा दिला. त्यांच्या मागण्यांत पैशाबरोबर पुरुषांसारखे विमा संरक्षणही होते आणि ते त्यांनी मिळवले. १ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये किमान पगार ३५,००० डॉलर ठरला आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना ८०,००० किंवा अधिक. ही माझ्या दृष्टीने आरोग्याचीच सुधारणा आहे.

कुणी म्हणेल, कोट्यवधी मिळवणारे पुरुष खेळाडूही डोक्याचा मार लपवतातच की! बरोबर आहे. पैसा एकटा पुरत नाही. दुखापतीच्या काळात करार शाबूत राहिला पाहिजे, आणि "बाहेर ये" हे सांगणारी व्यक्ती संघाच्या निकालाशी बांधलेली नसावी. पुरुषांच्या एनएचएलमध्ये सामन्यावर नजर ठेवून संशयित कन्कशनच्या खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढायला लावणारे निरीक्षक आहेत, ते याचसाठी.

आपल्याकडे काय?

आपल्या मुली कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळतात. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत. जिल्ह्यातून राज्य संघात निवड व्हायच्या आदल्या आठवड्यात डोके आपटले, तर पंधरा वर्षांची मुलगी काय सांगेल? "काही नाही सर, टेंगूळ आलंय फक्त." म्हणून शाळांनी आणि संघटनांनी एक नियम करावा असे मला वाटते : डोक्याच्या दुखापतीमुळे निवड चाचणी हुकली, तर ती पुन्हा घेतली जाईल. याला खर्च जवळजवळ नाही, पण मुली खरे बोलू लागतील.

तोपर्यंत पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी एवढे नक्की लक्षात ठेवावे :

- शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढा. त्या दिवशी पुन्हा खेळवू नका.
- पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला, तर धोका खूप वाढतो.
- डॉक्टरांनी तपासल्यावर आणि धोक्याची लक्षणे नसतील, तर रुग्णाला झोपू द्या. रात्रभर जागे ठेवण्याची गरज नसते.
- आधी वर्ग आणि अभ्यास नीट जमू दे, मग मैदान.
- वेदनाशामक गोळी देऊन सामन्याला उतरवू नका.

पुढीलपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा : वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, शुद्ध हरपणे, वाढती गुंगी किंवा गोंधळ, एकाचे दोन दिसणे, हातापायात अशक्तपणा, बोलताना अडखळणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे.

आणि पुढच्या वेळी मुलगी पडून घरी आली, तर "मॅच जिंकलात का?" याआधी "डोक्याला लागलं का?" हे विचारा. ती "हो" म्हणाली तर रागावू नका. ते "हो" हेच आमच्या तपासणीचे पहिले पाऊल असते.