गाडी घेण्याआधी एक वही घ्या

‘दुसऱ्याच्या गाडीवर किती दिवस राबायचं? आपलीच एक पिकअप घेऊ आणि भाडी मारू.’ तुमच्या घरातही कुणीतरी हे म्हणालं असेल. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आला आणि लहान माणसालाही मालवाहतुकीच्या धंद्यात उतरता येऊ लागलं. आज थोडे पैसे भरले की बाकीचं कर्ज मिळतं आणि गाडी दारात येते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

माझा मावसभाऊ सुरतला असतो. आठ वर्षं दुसऱ्याचा टेंपो चालवल्यावर त्याने स्वतःची पिकअप घेतली. पहिले पैसे भरायला मावशीने सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवल्या. पहिल्या महिन्यात रोज खिशात नोटा येत होत्या, घरात पेढे वाटले गेले. चौथ्या महिन्यात हप्ता चुकला. गाडी तर एक दिवसही उभी नव्हती! मग पैसे गेले कुठे?

शोध लावला वहिनीने, मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीत.

रिकामी फेरीही मोजा

भाऊ डिझेल वजा करून उरलेल्या पैशाला कमाई समजत होता. तुम्ही असं करू नका. समजा, महिन्याचा हप्ता १६,००० रुपये आहे. विमा, टॅक्स आणि पासिंगसाठी दरमहा ४,००० बाजूला काढायचे. टायर, सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीचे ५,००० धरा. स्वतःचा पगार १८,००० धरा, कारण घर त्यावरच चालणार आहे. झाले ४३,०००. महिन्यात २५ दिवस काम मिळालं, तर गाडीचा रोजचा खर्च १,७२० रुपये. डिझेल वेगळंच.

आता सुरतहून अंकलेश्वरच्या बाजूला ६० किलोमीटरचं भाडं आलं, २,००० रुपयांचं. जाऊन-येऊन १२० किलोमीटर. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर ९०० रुपये गेले. हातात १,१०० उरले म्हणून आपण खूश. पण दिवसभरात तेवढं एकच भाडं झालं, तर वहीत ६२० रुपयांचा तोटा असतो. येताना अर्धं डिझेल रिकामी गाडी आणण्यातच जळतं.

म्हणून भाडं ठरवताना परतीचा रस्ता धरूनच बोला. त्या बाजूच्या दोन-तीन दुकानदारांशी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांशी ओळख ठेवा. परतीचं भाडं थोडं कमी मिळालं तरी चालेल. माल भरायला-उतरवायला वेळ लागला तर थांबण्याचे पैसे, हमाली आणि टोल कोण देणार, हेही निघण्याआधी ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं की नंतर वाद होत नाही.

कागद पक्के, वजन मापात

गाडी निवडताना आरसीवर येणारं एकूण वजन बघा. गाडी आणि माल मिळून ३,००० किलोपर्यंत असेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. त्यावर लागतं. पासिंग, विमा आणि पीयूसी मात्र सगळ्यांनाच हवं. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. माल ५०,००० रुपयांपेक्षा महाग असेल तर निघण्याआधी ई-वे बिल मागा. राज्यातल्या राज्यात ही मर्यादा वेगळी असू शकते, तेव्हा आपल्या राज्याचा नियम विचारून घ्या.

‘अजून चार गठ्ठे टाक, काही होत नाही,’ असं व्यापारी म्हणेल. नवीन माणसाला नाही म्हणणं जड जातं. पण जास्त वजन भरल्याचा दंड २०,००० रुपये आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवायचा खर्चही तुमचाच. शिवाय जड गाडी ब्रेक मारल्यावर लवकर थांबत नाही. चार गठ्ठ्यांपायी एवढी जोखीम घेऊ नका.

वही घरात कुणाकडे?

चालवणाऱ्याकडे नको. तो रात्री दमून येतो आणि आकडे उद्यावर ढकलतो. बायको, बहीण, वडील, कॉलेजात जाणारी मुलगी, कुणीही चालेल. रोज पाच गोष्टी लिहा: किलोमीटर, डिझेल, भाडं, इतर खर्च आणि कुणाकडून किती येणं आहे. उधारी राहिली की हप्ता चुकतो, म्हणून शेवटचा रकाना रोज वाचा.

आमच्या भावाने आता तोट्याची भाडी सोडली आहेत. त्यामुळे दोन जुने व्यापारी तुटले, महिन्यातून दोन-तीन दिवस गाडी उभीही राहते. मावशीच्या पाटल्या अजून सुटायच्या आहेत, पण गेल्या सात महिन्यांत एकही हप्ता चुकलेला नाही.

तुमच्याही घरात गाडीचा विषय निघाला असेल, तर शोरूमला जाण्याआधी तुमच्या गावातला नाका गाठा. दोन-तीन गाडीवाल्यांना चहा पाजा आणि विचारा, महिन्यात काम किती दिवस मिळतं आणि परत येताना गाडी किती वेळा रिकामी असते. उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हप्ता त्या आकड्यांत बसत असेल, तरच सही करा.