काढलेला तीळ जातो कुठे?

संपादक महोदय,


लग्नसराई जवळ आली की 'तीळ, मस, चामखीळ पाच मिनिटांत साफ; टाका नाही, डाग नाही' अशा छोट्या जाहिरातींची गर्दी होते. खाली मोबाइल क्रमांक ठळक असतो. डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक मात्र शोधून सापडत नाही. नकोसा मस कुणी काढून घेतला तर त्यात वावगे काही नाही. माझा आक्षेप जाळण्याला आहे. कॉटरीने किंवा लेझरने जाळलेला तीळ पुन्हा तपासता येत नाही.

बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात, हे खरेच. पण निरुपद्रवी कोणता आणि घातक कोणता, हे पार्लरमधल्या खुर्चीवर कसे ठरते? मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा कॅन्सर आपल्याकडे दुर्मीळ आहे, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. सावळ्या कातडीत तो अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यावरचा काळा डाग फुटबॉलची दुखापत समजला गेला होता. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा असल्याचे कळले; १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले. बेसल सेल कार्सिनोमा हा कातडीचा दुसरा कॅन्सरही असाच फसवा. गोऱ्या कातडीवर तो मोत्यासारखा चमकतो, आपल्याकडे बहुधा काळा दिसतो. नाकाच्या कडेला, पापणीवर तो वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. दुसऱ्या अवयवात क्वचितच जातो, पण आहे तिथे खोल पोखरत राहतो. त्याचे वरचे टोक जाळले की व्रण छान भरतो आणि खाली आजार चालूच राहतो.

मेलॅनोमाची पुढची सगळी दिशा त्याच्या जाडीवर ठरते, तीही मिलिमीटरमध्ये मोजलेल्या. एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची सुमारे एक सेंटिमीटर निरोगी कातडी काढतात. दोनच्या वर असेल तर दोन सेंटिमीटर. राखेची जाडी कोण मोजणार?

याच्या उलट टोकाला आमच्या भागातली जुनी भीती आहे: 'गाठीला हत्यार लावलं की ती चवताळते.' मग चुना लावायचा, घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा, आणि गाठ लिंबाएवढी झाली की दवाखाना गाठायचा. एवढ्या उशिरा आलेला रोगी शस्त्रक्रियेनंतर दगावला की गावात बोल लागतो तो चाकूला.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सोडून चालणार नाही. 'चरबीची गाठ आहे, पाहूनच कळतं' म्हणून काढलेला तुकडा बादलीत टाकणारे सर्जन मी पाहिले आहेत. काही जण तपासायला पाठवतात, तेही सलाइनच्या बाटलीत. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. तुकडा टिकवणाऱ्या दहा टक्के फॉर्मॅलिनची बाटली काही महाग नाही. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरची नोंद केली, ती तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली गेले म्हणूनच.

नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे महाराष्ट्रात १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा राबवणाऱ्यांची वाट न पाहता आपण एक करू शकता: नोंदणीकृत डॉक्टरांचे नाव आणि क्रमांक नसलेली अशी जाहिरात घेऊ नये. महसूल थोडा बुडेल, तो बुडू द्या.

आणि डॉक्टरांनी काळा, वाढता, रक्ताळणारा किंवा कडा वेड्यावाकड्या झालेला कोणताही डाग जाळू नये. कापून काढावा आणि तुकडा तपासायला पाठवावा. 'पेशंटच खर्च नको म्हणतो' ही सबब मला ठाऊक आहे. नको म्हणत असेल तर तसे केसपेपरवर लिहून त्याची सही घ्यावी. सही करताना बरेच जण 'हे कशासाठी?' म्हणून विचारतात आणि मग पैसे देतात. राहिला प्रश्न हेलपाट्याचा. चेहऱ्यावरचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. रिपोर्टही बहुतेक वेळा तोवर आलेला असतो, तेव्हा त्यासाठी वेगळी खेप पडत नाही.

आपला,
एक निवृत्त सर्जन, मिरज