विश्लेषण : हिमनदी आटतेय, पायऱ्या वाढतायत… फ्रान्सच्या शामोनीतील पर्यटनाचे पुढे काय?

फ्रान्सच्या आल्प्समधील शामोनी गावातून दातेरी रुळांवर चढणारी लाल रंगाची रेल्वे १९१३ मीटर उंचीवरील माँतांवेर स्थानकात पोहोचते. समोर दरीत असते ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा समुद्र. फ्रान्समधील ही सर्वांत मोठी हिमनदी. १९८८ मध्ये येथे गोंडोला सुरू झाला, तेव्हा त्यातून उतरून तीन पायऱ्या चालले की पाय बर्फावर पडत. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत त्याच जागी साडेपाचशेहून अधिक पायऱ्या बांधाव्या लागल्या. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा गोंडोला हिमनदीच्या वरच्या अंगाला नेण्यात आला. इटलीपाठोपाठ २०३० मधील हिवाळी ऑलिम्पिकचे यजमानपद फ्रेंच आल्प्सकडे आहे. त्यामुळे बर्फावर पोट असलेल्या या प्रदेशाचे भवितव्य काय, हा प्रश्न आता केवळ हवामान शास्त्रज्ञांपुरता उरलेला नाही.

शामोनीचे नाव जगभर कसे झाले?

एके काळी येथील लोकांना बर्फ नकोसा होता. सतराव्या शतकात हिमनद्या इतक्या पुढे सरकल्या होत्या, की शेते आणि वाड्या गिळल्या जातील अशी धास्ती होती. १६४४ मध्ये गावकऱ्यांनी बिशपना बोलावून, मिरवणुकीने हिमनदीच्या तोंडाशी जाऊन ती मागे हटावी म्हणून प्रार्थना केली होती. पुढे शंभर वर्षांनी, १७४१ मध्ये विल्यम विंडहॅम आणि रिचर्ड पोकॉक हे इंग्रज प्रवासी येथे आले. त्यांच्या वर्णनांमुळे युरोपातील श्रीमंत मंडळींना हीच हिमनदी पाहण्याची ओढ लागली.

जिनिव्हाचे निसर्ग अभ्यासक सोस्यूर यांनी १७६० मध्ये माँ ब्लां शिखरावर जाण्याची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ते जिंकायला २६ वर्षे लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी डोंगरात स्फटिक शोधून विकणारा जाक बाल्मा आणि गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार हे दोघे शिखरावर पोहोचले. आधुनिक गिर्यारोहणाचा आरंभ याच दिवसापासून मानला जातो. मेरी शेली १८१६ मध्ये ही हिमनदी पाहून गेल्या आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीतील एक महत्त्वाची भेट त्यांनी याच बर्फावर घडवली. १८२० मध्ये माँ ब्लांवर हिमप्रपातात तीन वाटाडे मृत्युमुखी पडल्यानंतर, १८२१ मध्ये स्थानिक वाटाड्यांनी आपली संघटना उभारली. ती आजही काम करते. हा प्रदेश फ्रान्सचा झाला तो त्यानंतर, १८६० मध्ये.

मग गर्दी वाढत गेली. माँतांवेरची रेल्वे १९०९ मध्ये पूर्ण झाली. १९२४ मध्ये येथे ‘हिवाळी क्रीडा सप्ताह’ भरला, त्याला नंतर पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकचा दर्जा मिळाला. १९५५ मध्ये एग्वी द्यु मिदीचा रोपवे सुरू झाला आणि ३८४२ मीटर उंचीवरील सुळका सामान्य पर्यटकाच्याही आवाक्यात आला. तेथून मेर द ग्लासपर्यंत सुमारे २० किलोमीटरची स्कीइंगची वाट उतरते, ती या भागातील सर्वांत नावाजलेली. उन्हाळ्यात फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून माँ ब्लांला फेरी घालणारी पायवाट ट्रेकर्सनी गजबजलेली असते.

हिमनदी नेमकी किती आटली?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मेर द ग्लासचे टोक सुमारे दोन किलोमीटर मागे सरले आहे. पण पर्यटकाला जाणवते ती जाडीतील घट. माँतांवेरसमोर बर्फाची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली आहे. कोणत्या वर्षी बर्फ कुठवर होता हे सांगणाऱ्या पाट्या पायऱ्यांच्या वाटेवर लावलेल्या आहेत. पाटी नव्या सालाची, तसा बर्फ अधिक खाली. खालच्या टप्प्यावर दगड-मातीचा इतका थर आहे, की पांढऱ्याशुभ्र बर्फाच्या अपेक्षेने आलेल्यांना ती आधी खडीची खाणच वाटते.

हिमनदीचे गणित बँकेच्या खात्यासारखे असते. वरच्या भागात हिवाळ्यात जमा होणाऱ्या बर्फापेक्षा खालच्या भागात उन्हाळ्यात वितळणारा बर्फ जास्त झाला, की मुद्दल खर्ची पडू लागते. आल्प्समध्ये तापमानवाढ जागतिक सरासरीपेक्षा वेगाने होते आहे. हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच चढे राहिले, तर मेर द ग्लास शतकअखेरीस जवळपास नाहीशी होऊ शकते, असे फ्रेंच हिमनदी अभ्यासकांच्या प्रारूपांतून दिसते.

माँ ब्लांच्या उंचीतील चढउतार मात्र या हिशेबात धरू नयेत. २०२१ मध्ये ती ४८०७.८१ मीटर, तर २०२३ मध्ये ४८०५.५९ मीटर मोजली गेली आणि ‘शिखर वितळले’ अशा बातम्या झळकल्या. शिखराचा खडक ४७९२ मीटरवर आहे. त्यावरील बर्फाची टोपी वाऱ्याने आणि हिमवृष्टीने कमी-जास्त होत असते.

गिर्यारोहण अधिक धोक्याचे का झाले?

उंचावरील खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षे गोठून राहिलेला बर्फ एखाद्या सिमेंटसारखा काम करतो. तो वितळला की कडे सुटू लागतात. वॉल्टर बोनाटी यांनी १९५५ मध्ये एकट्याने सर केलेला द्र्यू शिखराचा स्तंभ २००५ मध्ये असाच कोसळला. गिर्यारोहणाच्या इतिहासातील एक ख्यातनाम वाटच त्याबरोबर नाहीशी झाली.

माँ ब्लांच्या नेहमीच्या मार्गावर गूते नावाची एक घळ ओलांडावी लागते. वरून दगड येतात, म्हणून ती पूर्वीपासून बदनाम आहे. जुलै २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत तेथील दगडफेक इतकी वाढली, की वाटाड्यांच्या संघटनांनी या मार्गावरील चढाया थांबवल्या. तरीही काही जण जातच राहिले. तेव्हा पायथ्याच्या सँ-जेर्वेच्या महापौरांनी चढाईसाठी १५ हजार युरो अनामत घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातील १० हजार बचावकार्यासाठी आणि पाच हजार अंत्यसंस्कारासाठी! हे अमलात आले नाही, पण ऑगस्टमध्ये वाटेवरील निवारे बंद करण्यात आले. पर्वतावर जाण्याचे स्वातंत्र्य हा आल्प्समध्ये हळवा विषय आहे. गिर्यारोहणाला युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाचा दर्जा दिला आहे, तो या परंपरेमुळेच. मात्र हेलिकॉप्टरने खाली आणण्याची जबाबदारी दुसऱ्याच कुणाच्या जिवावर पडते, हा महापौरांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता.

धोका केवळ गिर्यारोहकांनाच नाही. १८९२ मध्ये तेत रूस हिमनदीच्या पोटात साठलेले पाणी एका रात्री फुटून सँ-जेर्वे परिसरात सुमारे १७५ जणांचा बळी गेला होता. २०१० मध्ये तेथे पुन्हा पाणी साठल्याचे आढळले आणि ते पंपांनी उपसावे लागले.

भारताशी संबंध कोणता?

एअर इंडियाची दोन विमाने माँ ब्लांवर कोसळली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’च्या अपघातात ४८ जण गेले. तिच्या शोधासाठी निघालेले शामोनीचे वाटाडे रेने पायो हेही हिमभेगेत पडून मरण पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ कोसळून ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राला त्यांचे नाव पुढच्याच वर्षी देण्यात आले.

दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँ हिमनदीने पोटात घेतले आणि आता ती ते एकेक करून परत देते आहे. २०१२ मध्ये भारतीय राजनैतिक टपालाची पिशवी सापडली. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, नीलम आणि माणकांची पेटी मिळाली. ती त्याने पोलिसांच्या हवाली केली. वारस न सापडल्याने २०२१ मध्ये ती रत्ने तो आणि शामोनीची नगरपालिका यांच्यात वाटली गेली. २०२० मध्ये तर इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी असलेली जानेवारी १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे वाचता येतील अशा अवस्थेत बाहेर आली. हिमनदी वाहते, त्यामुळे वर पडलेली वस्तू कधी ना कधी खाली येणारच होती. वितळण्याने हा प्रवास लवकर संपतो आहे इतकेच.

पर्यटन उद्योग काय करतो आहे?

एकच एक उत्तर नाही. शामोनीसारखी उंचावरची ठिकाणे बर्फामागे वर सरकत आहेत, नवा गोंडोला हे त्याचे उदाहरण. हिमनदी जाण्यापूर्वी पाहून घ्यावी म्हणून येणाऱ्यांची संख्याही दुर्लक्षिण्याजोगी नाही. या पाहुण्यांपैकी अनेक जण विमानाने येतात, हा विरोधाभास स्थानिकांच्याही लक्षात आलेला आहे. कमी उंचीच्या स्की केंद्रांना वर सरकायला जागाच नाही. जुरा पर्वतातील मेताबिएफने ठरावीक मुदतीत उतारावरील स्कीइंगमधून बाहेर पडण्याचे आधीच ठरवले आहे. फ्रान्सच्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थेने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात कृत्रिम बर्फ हा तात्पुरता उपाय असल्याचे सांगत त्यावरील सार्वजनिक खर्चाबद्दल शंका घेतली. स्की केंद्रांच्या चालकांना हा अहवाल अर्थातच रुचला नाही. गावाचा दवाखाना, शाळा, दुकाने जर स्कीच्या उत्पन्नावर चालत असतील, तर ‘उन्हाळी पर्यटन वाढवा’ या सल्ल्याने तेवढी रक्कम उभी राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

शामोनी, ग्रनोब्ल (१९६८) आणि आल्बेर्विल (१९९२) यांच्यानंतर आल्प्सचा हा भाग चौथ्यांदा ऑलिम्पिकचा यजमान होईल. दरम्यान, मेर द ग्लासमध्ये दरवर्षी कोरली जाणारी बर्फाची गुहा यंदाही कोरावी लागेल. हिमनदी पुढे सरकत असल्याने जुनी गुहा तिच्यासोबत खाली निघून जाते. नवी गुहा आता नव्या गोंडोलाजवळ, पूर्वीपेक्षा वरच्या अंगाला खोदली जाते.