खेळणारं पोर आणि न्यायाची खुर्ची



पोरगं संध्याकाळी मैदानावरून धुळीनं माखून घरी आलं की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, "खेळू द्या, अंग धरतंय." बाप म्हणतो, "खेळून कुणाची चूल पेटलीय? पुस्तक धर, नाहीतर खुरपं धर." तुमच्याही घरात हा वाद होत असेल, तर आज बायरन व्हाइट या माणसाची हकिकत ऐका. माणूस अमेरिकेतला, पण वाढला तो शेतांच्याच मुलखात.

त्याचा जन्म १९१७ चा. कोलोरॅडो राज्यातलं वेलिंग्टन हे त्याचं लहानसं गाव. वडील लाकडाच्या वखारीचा कारभार बघत. आई-वडील दोघांचंही हायस्कूल पुरं झालेलं नव्हतं. गावाच्या चहूकडं साखरेच्या बीटाची शेतं. आपली साखर उसाची, तिकडची बरीचशी बीटाची. हे बीट आपल्या बाजारातल्यासारखं लाल नसतं, पांढरट आणि चांगलं जाडजूड असतं. रोपं दाट उगवली की कंबरेत वाकून विरळणी करायची, मग खुरपणी, आणि थंडीच्या तोंडावर बीट उपटून एकेकाचा पाला छाटायचा. या कामाला बायरन लहानपणापासून जायचा. वाकून वाकून पाठ कशी भरते, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या राज्याच्या विद्यापीठाची एक चांगली रीत होती. प्रत्येक हायस्कुलात जो पहिला येईल, त्याला शिष्यवृत्ती. थोरला भाऊ सॅम असाच पहिला येऊन कॉलेजात गेला आणि पुढं डॉक्टर झाला. थोरल्यानं वाट पाडली, धाकटा त्याच वाटेनं निघाला. १९३४ साली बायरनही शाळेत पहिला आला.

कॉलेजात तो फुटबॉल खेळू लागला. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं. आपल्या कबड्डीत चढाई करणारा जसा पकडी चुकवत निसटतो, तसंच म्हणा ना. १९३७ च्या मोसमात त्याचं नाव देशभर झालं. वर्तमानपत्रांनी त्याला 'व्हिझर' हे टोपणनाव दिलं. म्हणजे सूं करत जाणारा. त्याला मात्र ते कधी आवडलं नाही. खेळ चालू होता तशी वहीही चालू होती. १९३८ साली तो पदवीच्या वर्गातही पहिला आला.

मग एकदम दोन दारं उघडली. एकीकडं इंग्लंडात ऑक्सफर्डला शिकायची ऱ्होड्स शिष्यवृत्ती. दुसरीकडं पिट्सबर्गच्या धंदेवाईक संघाचे १५,८०० डॉलर. त्या काळी एवढा पगार त्या खेळात कुणालाच नव्हता. तुमच्या-आमच्या घरात काय सल्ला मिळाला असता? त्याचा ओढा शिकण्याकडं होता. ऑक्सफर्डनं जानेवारीत आलात तरी चालेल असं कळवलं, तेव्हा तो एक मोसम खेळला. चेंडू घेऊन सर्वांत जास्त अंतर पळाला, पैसे गाठीला बांधले आणि बोटीनं इंग्लंडला गेला.

१९३९ साली महायुद्ध पेटलं आणि त्याला परतावं लागलं. येल विद्यापीठात कायदा शिकायला लागला. १९४० आणि १९४१ हे दोन मोसम डेट्रॉइटच्या संघाकडून खेळला. खेळाच्या पैशावर शिक्षण चालवलं. पुढं आरमारात नोकरी केली. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, कायद्याची पदवी पुरी केली. मग डेन्व्हर शहरात बरीच वर्षं वकिली.

१९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सरकारात तो न्याय खात्यातला वरचा अधिकारी झाला. त्याच साली अलाबामा राज्यात काळे-गोरे प्रवासी एकत्र बसनं निघाले, म्हणून जमावानं त्यांना मारहाण केली. तिथं सरकारी शिपाई घेऊन बंदोबस्ताला गेला तो व्हाइटच. १९६२ साली वयाच्या ४४ व्या वर्षी तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला आणि १९९३ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षं, त्या खुर्चीवर होता. २००२ साली वारला.

त्याचे सगळेच निकाल सर्वांना पटले असं नाही. १९८६ साली त्यानं लिहिलेला समलिंगी संबंधांबाबतचा निकाल पुढं २००३ साली त्याच न्यायालयानं फिरवला. पण एक खटला त्याच्या आयुष्याशी जुळणारा होता. १९८४ साली कॉलेजच्या फुटबॉल सामन्यांचा दूरदर्शनवरचा व्यवहार कोर्टापुढं आला. सात न्यायमूर्ती एका बाजूला गेले. व्हाइट दोघांत राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कॉलेजचा खेळ नुसता धंदा नव्हे, तो शिक्षणाचा भाग आहे. ज्यानं दोन्ही जपलं, तोच हे बोलला.

आता आपल्या घरचं बघू. खेळणाऱ्या शंभर पोरांपैकी मोठ्या संघात जाणारा एखादाच, आणि त्याचेही पाय कायम पळत नाहीत. म्हणून खेळ बंद करायचा का? तर नाही. पण वही मिटायची नाही. पोराला मैदानावर पाठवा, पोरीलाही पाठवा. घरी आल्यावर हातपाय धुऊन दिव्याखाली बसवा. आणि शाळेत गुरुजींना भेटून एवढं विचारा: अभ्यासासाठी कोणती शिष्यवृत्ती आहे, खेळासाठी कोणती सवलत आहे, आणि अर्ज कधी भरायचा? व्हाइट भावांना वाट सापडली ती शिष्यवृत्तीमुळं. आपल्या पोरांसाठी अशी वाट असेल आणि आपल्याला ठाऊकच नसेल, तर त्यात पोरांचा काय दोष?