विश्लेषण : पावसाळ्यासाठी गोठवलेली मासळी बंदीचे ६१ दिवस टिकते का?

मे महिना सरत आला की रत्नागिरीच्या दक्षिणेकडील पावस, गोळप, रनपार, पूर्णगड या पट्ट्यातल्या घरांत एक हिशेब सुरू होतो. १ जूनपासून यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागणार, मग दोन महिने कालवणात काय पडणार? पूर्वी याचे उत्तर सुक्या मासळीच्या डब्यात असायचे. आता अनेक घरांत ते फ्रीजच्या वरच्या कप्प्यात असते. मे महिन्यात सुरमई, बांगडा, कोळंबी घ्यायची, गोठवायची आणि आषाढात खायची. सोय मोठी आहे, पण ती विजेवर अवलंबून आहे आणि कोकणात वीज सर्वांत बेभरवशाची होते ती नेमकी याच दिवसांत.

मासेमारी बंदी नेमकी कधी आणि का?

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस मनाई असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा आणि त्यापुढे केंद्राचा आदेश लागू होतो. अनेक जातींच्या माशांचा हा प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असल्याने खाडीतली थोडी मासळी बाजारात येते, पण ती कमी आणि महाग असते.

साठवण किती दिवसांची करायची, हे पंचांगावरही ठरते. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला सुरू झाला. त्यामुळे श्रावण पाळणाऱ्या घरांना बंदीतले ५४ दिवसच भागवायचे होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे श्रावण १३ ऑगस्टपर्यंत लांबतो, म्हणजे बंदीचे सगळे ६१ दिवस श्रावणाआधीच येतात. जी घरे अधिक महिनाही पाळत नाहीत, त्यांची बेगमी तेवढी मोठी लागते.

साठवण सुकटीकडून फ्रीजरकडे का सरकली?

पावसाळ्यापूर्वीच्या या बेगमीला कोकणात ‘आगोट’ म्हणतात. सोडे, सुकट, सुके बोंबील, खारवलेले बांगडे हा तिचा ठरलेला भाग. पण वाळवणाला सलग कडक ऊन लागते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला. दक्षिण कोकणात तो साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. असे झाले की वाळवणाचे शेवटचे, हुकमी उन्हाचे दिवस हातचे जातात. दुसरीकडे फ्रीज घरोघरी पोहोचले आहेत. रक्तदाबामुळे खारवलेली मासळी टाळणारी माणसेही घरात असतात. शिवाय ताज्या माशाची चव सुक्याला नाही, हे कोणी वेगळे सांगायला नको.

गोठवल्यावर माशाचे काय होते?

माशाच्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. त्यातल्या बहुतेक पाण्याचा बर्फ उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअसदरम्यान होतो. प्रक्रिया कारखान्यात उणे ३० अंश किंवा त्याहून थंड हवेत हा टप्पा झपाट्याने पार पडतो आणि बर्फाचे कण बारीक राहतात. घरचा चांगला फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जातो. तिथे याच टप्प्याला कित्येक तास लागतात, कण मोठे होतात आणि मांसाचे धागे फाटतात. म्हणून घरी गोठवलेला मासा बाहेर काढल्यावर पाणी सोडतो आणि तव्यावर तुटतो.

गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत. त्यांची वाढ थांबते, एवढेच. चरबी खवट होण्याची क्रियाही मंद गतीने चालूच राहते. थोडक्यात, फ्रीजर मासा ताजा करत नाही. ज्या अवस्थेत ठेवला, त्या अवस्थेत तो रोखून धरतो. म्हणून मासा फ्रीजरमध्ये जाण्यापूर्वीचे तास महत्त्वाचे. बोटीवर मासळीच्या वजनाइतका बर्फ असावा, असा उष्ण प्रदेशासाठीचा सर्वसाधारण नियम आहे. मिरकरवाडा बंदरातून मासा घेऊन मे महिन्याच्या दुपारी नुसत्या पिशवीत पावसला आणला, तर तो सगळा वेळ माशाच्या आयुष्यातून वजा होतो. बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

बांगड्याबाबत जास्त काळजी का?

बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उबेत राहिला की काही जिवाणू त्याचे हिस्टामाइन बनवतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे, धडधड, उलटी असा त्रास होतो. अनेकदा याला माशाची अॅलर्जी समजले जाते.

एकदा तयार झालेले हिस्टामाइन तळल्याने, उकळल्याने किंवा गोठवल्याने जात नाही. माशाला वास येईलच असेही नाही. त्यामुळे बांगडा पकडल्यापासून बर्फात असल्याची खात्री नसेल, तर तो साठवणीसाठी घेऊच नये. धडधड किंवा श्वासाचा त्रास जाणवला तर डॉक्टरकडे जाण्यात वेळ घालवू नये.

कोणती मासळी किती दिवस ठेवावी?

तापमान सतत उणे १८ अंश राहिले तर बांगडा, तारली, पेडवे अशी तेलकट मासळी दोन ते तीन महिने चांगली राहते. मुडदुशांसारखी कमी चरबीची मासळी आणि कोळंबी सहा महिन्यांपर्यंत टिकते. ही मुदत मुख्यतः चवीची आहे. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा मात्र बहुधा एवढा थंड राहत नाही. दार उघडले की त्याचे तापमान वर-खाली होते. तिथे मुदत बरीच कमी धरावी. म्हणून जूनमध्ये आधी बांगडा, मग सुरमई आणि शेवटी कोळंबी हा क्रम सोयीचा ठरतो.

घरी गोठवण्याची योग्य पद्धत कोणती?

कल्ले आणि पोटातली घाण आधी काढावी, कारण जिवाणूंचा मोठा साठा तिथेच असतो. थंड पाण्याने धुऊन मासा निथळावा आणि कोरडा पुसावा. एका वेळच्या जेवणाला पुरेल एवढेच तुकडे एका पिशवीत, एका थरात ठेवावेत. पिशवीतली हवा दाबून काढावी. हवा लागलेला भाग कोरडा, पांढरट आणि चिवट होतो. कोळंबी डोके काढून डब्यात पाण्यात बुडवून गोठवली, तर बर्फाचे आवरण तिला हवेपासून वाचवते. डबा काठोकाठ भरू नये, कारण बर्फ फुगतो.

हळद-मीठ लावून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पण मिठामुळे तेलकट माशाची चरबी लवकर खवट होते. मीठ शिजवण्याआधी लावलेले बरे. आठ-दहा किलो मासळी एकदम कोंबणे ही दुसरी नेहमीची चूक. ५० लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवसात दोन किलोच्या आसपासच नवी मासळी घालावी, नाहीतर मधल्या पिशव्या तासन्तास गोठतच नाहीत. प्रत्येक पिशवीवर तारीख लिहावी. बाहेर काढताना मासा ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा.

वीज गेली तर?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगड भागात खांब कोसळून अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातही वीजपुरवठा कोलमडला. दोन्ही वेळा तारीख आगोटीच्या आसपासची होती. वादळ नसले तरी झाड तारेवर पडणे हा कोकणातल्या पावसाळ्याचा नित्यक्रम आहे.

दार न उघडता पूर्ण भरलेला स्वतंत्र फ्रीजर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. फ्रीजमधला छोटा कप्पा त्याहून कमी. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. वाटीभर बर्फावर एक नाणे ठेवावे. परत वीज आल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मधल्या वेळात सगळे वितळून पुन्हा गोठले होते, हे कळते. अशी मासळी टाकलेलीच बरी.

पिशवीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर मासा पुन्हा गोठवता येतो, चव मात्र उतरते. सगळे वितळले असेल पण मासा फ्रीजइतका गार असेल, तर त्याच दिवशी शिजवून संपवावा. कोमट झालेला मासा, विशेषतः बांगडा, चाखून पाहण्याच्या भानगडीत पडू नये. हजार-दोन हजारांची मासळी टाकताना जीव तुटतो, पण विषबाधा त्याहून महाग पडते.

मग आगोट कशी भरावी?

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून बर्फ कारखाने आणि शीतगृहांना मदत मिळते. यातून बोटीवरचा आणि बंदरातला बर्फ सुधारला, तर त्याचा फायदा शेवटी घरच्या पिशवीपर्यंत पोहोचेल. बंदरापासून चुलीपर्यंतची साखळी आणि जूनमधली वीज हा भार मात्र आजही घरावरच आहे.

त्यामुळे सगळी बेगमी एकाच कप्प्यात ठेवणे धोक्याचे. जूनपुरते मासे फ्रीजरमध्ये आणि पुढच्या दिवसांसाठी सोडे-सुकट हवाबंद डब्यात, ही विभागणी जास्त भरवशाची. सुक्या मासळीला दमटपणा आणि बुरशीपासून जपावे लागते, पण तिला वीज लागत नाही. आठवडाभर लाइट नसलेल्या गावात कालवणाची सोय तीच करते.