तणस जाळू नका, पण त्याचं एकदम घरही बांधू नका 🌾



धान निघाला की मला एक फोन ठरलेला असतो, "सर, हार्वेस्टरने बांधीत टाकलेलं तणस जाळू का?" यंदा दुसराही येतोय, "व्हिडिओत तणसाच्या गठ्ठ्यांचं घर पाहिलं. आपणच बांधू शकतो का?"

*माझं मत: बांधू शकता, पण आधी एकच खोली बांधा.* अवजारांची, ढेपेची किंवा उन्हाळ्यात दुपारी बसायची. तीन पावसाळे टिकली तर मग घराचं बोलू.

ही पद्धत टाकाऊ नाही. अमेरिकेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत लाकूड मिळत नव्हतं, म्हणून शेतकऱ्यांनी गठ्ठे रचून घरं बांधली. तिथल्या आर्थर गावातलं 1928 सालचं गठ्ठ्यांचं चर्च आजही उभं आहे. पण तिथे पाऊस आपल्या निम्म्याहून कमी. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

दीड फूट जाडीची तणसाची भिंत मे महिन्यातलं ऊन आत येऊ देत नाही. टिनाच्या शेडमध्ये दुपारी बसून पाहा, मग फरक कळेल. आग लागेल म्हणता? घट्ट दाबलेला आणि दोन्हीकडून लिंपलेला गठ्ठा सहज पेटत नाही, कारण आगीला लागणारी पुरेशी हवा आत मिळत नाही. धोका असतो तो बांधकामाच्या वेळी खाली सांडलेल्या सुट्या तणसाचा. ते रोज झाडून काढा, जवळ बिडी नको.

खरा शत्रू पाणी. मागच्या वर्षी मी स्वतः घरी गठ्ठे जमिनीवरच रचून वर ताडपत्री टाकली. पावसाळ्यानंतर काढली तर खालची थर काळी पडून कुजलेली. भिंतीचंही असंच होतं, फक्त ते लिंपणाआड दिसत नाही.

म्हणून हे सोडू नका:

*1.* दगडाचा जोता किमान दीड फूट. वाळवीची मातीची नळी चढताना दिसली पाहिजे.
*2.* वजन खांबांवर, भिंत फक्त भरणीची. आधी छप्पर, मग गठ्ठे. छपराची वळचण दोन-अडीच फूट बाहेर.
*3.* गठ्ठ्यात हात घाला. गार लागला किंवा कुबट वास आला तर नको. ओलावा 15 टक्क्यांच्या आत हवा. दोरी धरून उचलल्यावर लोंबला तरी नको.
*4.* लिंपण माती, शेण आणि बारीक तणसाचं, बाहेरून चुन्याचं. सिमेंट नको, आतला ओलावा बाहेर पडत नाही. फट राहिली तर उंदीर आलाच.
*5.* न्हाणीची भिंत तणसाची करू नका.

10 बाय 12 ची खोली, 8 फूट उंची, तर लहान चौकोनी गठ्ठे साधारण 90 ते 100 लागतील. एक-दीड एकराच्या तणसात काम होतं. पण आधी जनावरांचा वर्षाचा चारा बाजूला काढा, उरलं त्याचीच खोली.

घरकुलाचा हप्ता घेत असाल तर त्या घरात हा प्रयोग घालू नका. हप्ता अडकला तर तणस मदतीला येणार नाही.

बेलर येईल तेव्हा गठ्ठे आवळून बांधायला सांगा आणि छपराखाली, लाकडाच्या फळ्यांवर ठेवा. लिंपण मे महिन्याच्या आत संपलं पाहिजे.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी या मेसेजला "खोली" लिहून उत्तर द्या. जोत्याची आखणी करायला मी स्वतः येतो.

आपला,
कंपनीचा कृषी मार्गदर्शक