चर्चमधील वाद्यवृंद आणि आपली पहिली रांग

परवा आमच्या मंडळाच्या वाचनालयात एक वाद रंगला. सरकारी कामानिमित्त लंडनला जाऊन आलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ट्रॅफल्गार चौकातील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात ऐकलेल्या विवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’चे रसभरित वर्णन केले. श्रोत्यांची शिस्त काय, ती निःशब्दता काय! तोच एक सोवळे गृहस्थ उसळून म्हणाले, “देवाच्या दारी तिकीट? ही तर देवळाची नाटकशाळा झाली!” मला दोघांचेही म्हणणे पटले नाही. पण वाचनालयात कारकुनाने साहेबांना अडवायचे नसते. म्हणून येथे लिहितो.

सोवळ्या गृहस्थांचा आक्षेप नवा नाही. १७४३ साली हँडेलचा ‘मसाया’ लंडनच्या नाटकगृहात गायला गेला तेव्हा पवित्र वचने नटनट्यांच्या जागी म्हणावीत काय, अशी ओरड झाली होती. पुढे १७५० पासून हेच संगीत अनाथ बालकांच्या संस्थेच्या प्रार्थनामंदिरात होऊ लागले आणि त्या तिकिटांच्या पैशावर मुले पोसली गेली. तेव्हा देव बाटला असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावे? सभामंडपातला मृदंग आपल्याला चालतो, कीर्तनकाराची बिदागी चालते. देऊळ बाटते ते वाद्याने नव्हे, बंद दाराने. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे, आणि ते दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, हे विसरून लंडनच्या तिकिटावर बोट ठेवणे शोभत नाही.

आता साहेबांकडे वळतो. मी लंडन पाहिलेले नाही; ‘अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स’च्या ध्वनिमुद्रिका तेवढ्या ऐकल्या आहेत. नेव्हिल मॅरिनर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५८ साली जमवलेला हा छोटा वाद्यवृंद. संचालकावाचून, एकमेकांकडे पाहत वाजवणारा. १९५९ च्या नोव्हेंबरात याच चर्चमध्ये त्याची पहिली मैफल झाली आणि चर्चचेच नाव तो जगभर घेऊन गेला. परंतु त्या नावामागचे चर्च कोणते? जेम्स गिब्जने १७२६ साली पुरी केलेली इमारत साहेबांनी खांबांसकट वर्णिली. तळघराविषयी मात्र “तेथे चहा झकास मिळतो,” एवढेच सांगितले.

त्या तळघराची हकीकत चहाहून मोठी आहे. १९१४ साली येथे आलेल्या डिक शेपर्ड या धर्मगुरूने फ्रान्सच्या रणभूमीकडे जाणाऱ्या सैनिकांसाठी चर्चचे दार रात्रंदिवस उघडे ठेवले. मग ज्यांना घर नव्हते तेही आले. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाच्या वेळी लोक याच तळघरात आश्रयाला असत. बेघरांच्या सेवेची ती परंपरा अजून चालू आहे, आणि मैफलींचे व त्या चहाचे उत्पन्न चर्चच्या कार्याला लागते. तेथील निःशब्दतेला अर्थ आहे तो यामुळे. तिकीट काढून वर बसलेला आणि निवारा शोधीत आलेला यांची तेथेही गाठ पडतेच असे नव्हे, हे मी मान्य करतो. तेवढ्यापुरते सोवळ्या गृहस्थांच्या रागात तथ्य आहे. पण निदान दोघांचे छप्पर एक आहे.

आणि आपले छप्पर? हेच साहेब आमच्या गणेशोत्सवाच्या संगीत समितीचे अध्यक्ष. पहिल्या तीन रांगांत सोफे. त्यांवर कोणी बसावे हे वेतनश्रेणीवरून ठरते. ज्या शिपायांनी सकाळी सतरंज्या घातल्या, त्यांची बायकामुले संध्याकाळी दाराशी उभी. गेल्या वर्षी बाईंनी विलंबित ख्याल नुकता उभा केला होता. एक बडे अधिकारी उशिरा आले, बाईंना थांबवले, पुष्पगुच्छ झाला, आणि मधल्या रांगेतली दोन कुटुंबे उठवून अधिकाऱ्यांच्या पाहुण्यांना जागा केली. त्यातले एक कुटुंब माझे. मुलगी सात वर्षांची आहे. “बाबा, आपण चुकीच्या जागी बसलो होतो का?” तिने विचारले. मी हो म्हटले. ते उत्तर मला अजून टोचते.

‘मसाया’चा पहिला प्रयोग १७४२ च्या एप्रिलात डब्लिनला झाला, कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी व दोन रुग्णालयांसाठी. त्या वेळी बायकांनी घेरदार झग्यांखालची कडी घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी लावून येऊ नये, अशी जाहीर विनंती करण्यात आली होती. जागा वाचावी, अधिक माणसे बसावीत, दान वाढावे, एवढाच हेतू. सरदार-सरदारणींनाही ती विनंती करण्यात कोणाला भीड वाटली नाही.

आमच्या दालनातले सोफे मी मोजले आहेत. ते काढले तर तेथे साठ खुर्च्या मावतात. तसा लेखी अर्ज मी यंदाच्या समितीकडे दिला, डब्लिनच्या हकीकतीसह. अर्जावर शेरा आला आहे: ‘विचाराधीन’.